दगडी पाला आणि हळदीची चिमूट

सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. कचेरीस जाणाऱ्यांची घाई, शाळेस जाणाऱ्यांची त्याहून अधिक घाई, आणि अशा धांदलीत विळीवर कोबी चिरता चिरता सूनबाईंच्या अंगठ्याला पाते लागते. रक्ताची धार लागताच देवघरातून सासूबाई उठून येतात, मिसळणाच्या डब्यातून हळदीची भरगच्च चिमूट उचलतात आणि ती जखमेवर दाबू लागतात. “अहो आई, आधी धुऊन तरी घेऊ द्या,” असे सूनबाई म्हणतात. “धुतलेस की रक्त वाहतच राहील ग! दाब आधी,” असे सासूबाईंचे उत्तर. चिरंजीव तोपर्यंत कपाटातील जंतुनाशकाची बाटली शोधीत असतात, आणि ती सापडते तेव्हा रक्त थांबलेले असते.

हा प्रसंग कोणत्याही मराठी घरात घडण्याजोगा आहे, आणि त्यात कोणाचे चुकले हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. सासूबाईंच्या चिमटीमागे कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे. सूनबाईंच्या म्हणण्यामागे जंतुशास्त्र आहे. गंमत अशी की, ज्या प्राचीन वैद्यकाच्या नावाने सासूबाईंचा पक्ष मांडला जातो, ते वैद्यक या वादात बहुतांशी सूनबाईंच्या बाजूने साक्ष देते.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय व्रणासंबंधी आहे. शरीरातील दोषांनी होणारा तो शारीर व्रण आणि बाहेरच्या आघाताने होणारा तो आगंतु, असे दोन प्रकार सांगून त्यात व्रणावरचे साठ उपक्रम गणले आहेत. पुढच्या अध्यायात ताज्या घावांचे, म्हणजे सद्योव्रणांचे, सहा प्रकार येतात : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. विळीने कापलेले बोट, पायात घुसलेला खिळा, दारात चेंगरलेले बोट आणि अंगणात पडून खरचटलेला गुडघा या चौघांना तेथे आपापली जागा आहे. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उपचारांचा क्रम. आधी शोधन, म्हणजे व्रण स्वच्छ करणे. आणि तो शुद्ध झाल्यावर रोपण, म्हणजे तो भरून आणणे. औषधी वनस्पतींचेही शोधन करणाऱ्या व रोपण करणाऱ्या असे वेगळे गट केलेले आहेत. जखम शिवण्यापूर्वी तीतील धूळ, केस, नखे, सुटलेले हाड वेचून काढावे, नाहीतर व्रण पिकतो, अशी स्पष्ट आज्ञा सूत्रस्थानात आहे. जंतू दृष्टीस पडण्याच्या कित्येक शतके आधी केवळ निरीक्षणाच्या बळावर हा नियम बांधला गेला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

ग्रंथातून घरात येता येता मात्र या नियमाचा पूर्वार्ध कोठेतरी गळाला. रोपण राहिले, शोधन गेले. याचे कारण उघड आहे. पाला, मुळी, चिमूट, तेल या वस्तू हातात धरता येतात, त्यांना नाव असते, त्या आजीकडून नातीकडे देता येतात. ‘नीट धुणे’ ही वस्तू नसून कृती आहे, आणि ती बटव्यात बांधून ठेवता येत नाही. पाण्यासाठी अर्धा कोस चालावे लागे त्या काळी वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटे पाय धरणे ही चैनच होती, हेही विसरता कामा नये.

बटव्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आजीबाईच्या बटव्यात वेखंड, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ असा जो सरंजाम असे, तो मुख्यतः पोटासाठी आणि लहान मुलांसाठी. त्यात मुक्या मारावर उगाळून लावण्याचा काळा बोळ असे. बाकी कातडीवरची औषधे बहुधा बटव्याबाहेर राहत. ती कुंपणाला, विहिरीच्या काठी आणि स्वयंपाकघराच्या फळीवर सापडत. खरचटल्यावर माणूस बटवा सोडीत बसत नाही. हाताशी जे येईल ते ओरबाडतो.

हाताशी जे येते त्यात पहिला मान दगडी पाल्याचा. याला कोणी एकदांडी म्हणतात, कोणी कंबरमोडी. पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला, घराच्या पायऱ्यांच्या फटीत हे झुडूप पसरलेले असते. पाने खरखरीत, लवदार आणि कडांना दातेरी. आणि पानांच्या मानाने फारच उंच अशा एकाच बारीक दांड्यावर पिवळे, कडेला पांढुरक्या पाकळ्यांचे एक चिमुकले फूल. शहरात राहणाऱ्यांनी ते शेकडो वेळा तुडविलेले असते. खेड्यातील गुराखी, गवत कापणाऱ्या बाया, उसाच्या फडातील मजूर यांना मात्र ते नावानिशी ठाऊक असते. कोयता किंवा विळा लागला की चार पाने खुडावयाची, तळहातावर चोळून त्यांचा हिरवा रस जखमेवर पिळावयाचा, आणि चोथा वर दाबून फडक्याने बांधावयाचे. रस झोंबतो, पण रक्त लवकर थांबते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

इतक्या खात्रीने वापरली जाणारी ही वनस्पती सुश्रुतात शोधू गेल्यास सापडावयाची नाही, कारण ती मुळात या देशाची नव्हेच. ती अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. समुद्रापलीकडून आलेले हे तण, शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, हिंदुस्थानभर पसरले आणि मराठी खेड्यात ‘आपले पूर्वापार औषध’ होऊन बसले. झेंडूचीही तीच कथा. त्याच्याशिवाय दसऱ्याचे तोरण होत नाही, आणि त्याच्या पाल्याचा रस खरचटल्यावर लावतात. पण तो मूळचा मेक्सिकोचा. पानफुटी, जिला काही ठिकाणी घायमारी असे अर्थपूर्ण नाव आहे आणि जिचे जाड पान किंचित शेकून ठेचेवर बांधतात, ती मादागास्करची.

यावरून कोणी आपल्या परंपरेची टवाळी करील तर तो उतावळेपणा होईल. उलट या गोष्टीत परंपरेचे सर्वांत चांगले अंग दिसते. कोणा एका अनामिक माणसाने परक्या तणाचे पान चोळून पाहिले, गुण आला म्हणून शेजाऱ्यास सांगितले, आणि दोनचार पिढ्यांत त्याला देशी नाव मिळाले. ग्रंथाची मान्यता नसताना ते टिकले. परंपरा म्हणजे बंद पेटी, ही समजूत शहरातल्या पांढरपेशा माणसाची आहे. रानात वावरणाऱ्याची ती कधीच नव्हती.

झेंडूवरून एक घोटाळा सांगितला पाहिजे, कारण त्याला सुशिक्षित घरेच अधिक बळी पडतात. औषधांच्या दुकानात कॅलेंड्युला नावाचे मलम मिळते व त्यावर नारिंगी फुलाचे चित्र असते. ते पाहून ‘हा तर आपला झेंडूच’ असे समजून बागेतल्या झेंडूच्या पाकळ्या खोबरेलात उकळण्याचे प्रयोग घरोघर होतात. कॅलेंड्युला ही भूमध्यसमुद्राच्या आसपासची निराळी वनस्पती आहे. दोघींचे कूळ एक, रंग एक. पण गूळ आणि फणस दोन्ही गोड म्हणून एकाच्या जागी दुसरे वापरीत नाहीत.

दगडी पाल्याच्या रसाचे प्रयोगशाळेत पुष्कळ परीक्षण झाले आहे. बशीतील काही जंतूंची वाढ त्याने रोखली जाते, आणि उंदरांवरील प्रयोगांत जखम भरण्यास त्याने मदत झाल्याचे दिसले आहे. माणसांवर रीतसर तुलना करून केलेल्या चाचण्या मात्र फारच थोड्या. तेव्हा गुराख्याचा अनुभव खोटा म्हणण्याचे कारण नाही, आणि तो सिद्ध झाला असेही म्हणता येत नाही. प्रश्न पाल्याच्या रसाचा नसून पाला जेथून खुडला त्या जागेचा आहे. जमिनीलगत पसरणाऱ्या, लवदार पानांच्या झुडुपावर गुरांच्या वाटेवरची धूळ बसलेली असते. ती पाने न धुता जखमेत चोळणे म्हणजे औषध व माती एकाच मुठीने देणे होय.

आता हळद. हिच्यासंबंधी सांगण्यासारखे इतके आहे की, एका भाषणात ते मावावयाचे नाही. हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्याने येतो ते कुर्कुमिन १८१५ साली युरोपात प्रथम वेगळे करण्यात आले. सुक्या हळदीत त्याचे प्रमाण शेकडा दोन ते पाच इतके असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात व तुपात विरघळते. हळद तेलात किंवा तुपात कालवून, किंचित गरम करून लावण्याची जी रीत आहे तिला असा आधार सापडतो. सूज व दाह कमी करण्याचा आणि काही जंतूंना आवरण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसून आला आहे. कोरडी चिमूट रक्त थांबविते त्यात मात्र हळदीच्या गुणापेक्षा बोटाने दिलेल्या दाबाचा भाग मोठा असावा. बारीक पूड आणि घट्ट दाब यांनी लहान घावातले रक्त गोठतेच. स्वच्छ फडके पाच मिनिटे न उचलता दाबून धरले तरी हेच घडते. ‘न उचलता’ हे शब्द महत्त्वाचे. दर अर्ध्या मिनिटाला ‘थांबले का’ म्हणून पाहणारा माणूस रक्त थांबू देत नाही.

हळदीवरून एक आंतरराष्ट्रीय दावाही झाला. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्रातील दोन संशोधकांस, जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याच्या कल्पनेवर अमेरिकी सरकारने पेटंट दिले. हे दोघेही जन्माने भारतीय होते, हे आणखी विशेष. म्हणजे सासूबाईंची चिमूट कायद्याच्या दृष्टीने नवा शोध ठरली. त्या वेळी भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल गावी जन्मून मुंबईत गरिबीत शिकलेल्या या गृहस्थांना हळदीचा उपयोग कोणी शिकविण्याची गरज नव्हती. परंतु पेटंट कचेरीपुढे ‘आमच्या आज्या लावीत’ ही साक्ष चालत नाही. छापील पुरावा लागतो. तेव्हा संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील जुने ग्रंथ धुंडाळून बत्तीस आधार गोळा करण्यात आले. त्यांत भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द ठरले. पुढे अशीच पाळी पुन्हा येऊ नये म्हणून जुन्या ग्रंथांतील योगांचा मोठा अंकित संग्रह भारत सरकारने तयार करविला.

या विजयाचा आनंद सर्वांस झाला आणि तो योग्यच होता. पण त्याचा अर्थ पुष्कळांनी भलताच केला. हळदीने जखम बरी होते, असे काही अमेरिकी कचेरीने ठरविले नाही. हा उपयोग नवा नाही, एवढेच तिने मान्य केले. जुने असणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सिद्ध करण्यास ग्रंथालय पुरते. दुसरीस रुग्णालय लागते.

शिवाय मिसळणाच्या डब्यातील हळद आणि औषधातील हळद एक नव्हेत. शेतातून निघालेली हळकुंडे शिजवितात खरी, परंतु मग ती कित्येक दिवस उघड्यावर वाळत पडतात. पुढे घासली जातात, पोत्यात भरली जातात, गिरणीत दळली जातात. शेवटी डब्यात उतरल्यावरही रोज ओले चमचे तीत बुडत असतात. फोडणीत पडणाऱ्या हळदीचे यात काही बिघडत नाही, कारण तिला विस्तव लागतो. जखमेतल्या हळदीला तो लागत नाही. रंग उठावदार दिसावा म्हणून पिवळ्या शिसेयुक्त भुकटीची भेसळ होते, हा आणखी एक प्रकार. बांगलादेशात असली भेसळ मोठ्या प्रमाणावर उघडकीस आली होती. आणि डॉक्टरांची एक साधी तक्रार आहे, ती सासूबाईंनी ऐकून घेण्यासारखी आहे. जखम पिकू लागली तर तिच्या भोवती लाली पसरते. ती लाली हळदीच्या पिवळ्या थराखाली दिसतच नाही.

कापण्याखालोखाल घरातला नेहमीचा अपघात म्हणजे भाजणे. कुकरची वाफ, तापलेला तवा, उकळता चहा. येथे बटव्याचा इतिहास तितका उज्ज्वल नाही, आणि याबाबत ग्रंथालाही दोष द्यावा लागतो. सुश्रुताने भाजण्याचे चार प्रकार केले आहेत व ते वर्गीकरण चांगले आहे. परंतु त्यातील सौम्य प्रकाराला त्याने शेक द्यावयास व उष्ण उपचार करावयास सांगितले आहे. थंड पाण्याने रक्त गोठते, अशी त्याची समजूत होती. जुनी माणसे पोळलेले बोट पुन्हा विस्तवापाशी धरीत, ते याच मतास धरून. आजचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. भाजल्याबरोबर तो भाग वाहत्या साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ लावू नये. वीस मिनिटे हा काळ घड्याळात पाहिल्याशिवाय कोणी पुरा करीत नाही. दोन मिनिटांतच माणूस कंटाळतो आणि शाई, दंतमंजन, कच्चा बटाटा, तूप यांपैकी काहीतरी थापतो. आत उष्णता असताना वर चरबीचा थर दिल्याने ती आतच कोंडली जाते.

पाण्यानंतर मात्र कोरफडीला बोलावण्यास हरकत नाही. अंगणातल्या कुंडीतून पात तोडली की तिच्या सालीलगत पिवळा, कडू रस पाझरतो. तो निथळू द्यावा आणि धुऊन टाकावा, कारण तो कातडीला झोंबतो. हाच रस आटवून वाळविला म्हणजे बटव्यातला काळा बोळ होतो. आतला स्वच्छ काचेसारखा गर तेवढा घ्यावयाचा. भाजल्यामुळे लाल झालेल्या, पण फोड न फुटलेल्या कातडीवर तो गारवा देतो, आणि अशी लहान भाजणी त्याने थोडी लवकर बरी होत असावी असे काही चाचण्यांवरून दिसते. एकाच पातीत औषध आणि त्रास असे शेजारी राहतात. पात नुसती चिरून चोळणाऱ्याला दोन्ही मिळतात.

मधाची गोष्ट याहून भक्कम आहे. ताज्या घावावर मध आणि तूप सुश्रुताने सांगितले होते. १९९१ साली सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यवैद्य डॉ. एम. सुब्रह्मण्यम् यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि त्या काळचे प्रचलित चांदीयुक्त मलम यांची तुलना करून ती इंग्लंडमधील शल्यविद्येच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मधाच्या बाजूने निकाल लागला. नंतरच्या परीक्षकांनी अशा प्रयोगांच्या पद्धतीत उणिवा दाखविल्या. तरीही सर्व चाचण्या एकत्र तपासून २०१५ साली जो आढावा निघाला, त्यात वरवरच्या भाजण्यावर मध उपयोगी पडतो असेच मत आले. मध जखमेतील पाणी ओढून घेतो, तो आंबट असल्यामुळे जंतूंना मानवत नाही, आणि पातळ होताच त्यातून थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. मात्र रुग्णालयात वापरतात तो मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. बाजारच्या बाटलीत साखरेचा पाक किती आणि मध किती, हे बाटलीलाच ठाऊक.

मुंबईने यात आणखी मोलाची भर घातली आहे. भाजलेल्या रुग्णाची पट्टी बदलणे हा एक भयंकर प्रकार असतो. कोरडी जाळीदार पट्टी जखमेला चिकटते आणि काढताना नवी कातडी सोलून येते. १९८० नंतरच्या दशकात मुंबईच्या लहान मुलांच्या रुग्णालयात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी करून पाहिली गेली, आणि ती चिकटत नाही असे आढळले. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान घेतले. पंगतीतले केळीचे पान तुपातल्या भातालाही धरून ठेवीत नाही, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. तो मेणचट गुळगुळीतपणा येथे कामी आला. पाने निर्जंतुक करून पट्टीसारखी वापरली तेव्हा ती जखमेला चिकटली नाहीत, बदलताना वेदना फारच कमी झाल्या, आणि खर्च बटाट्याच्या सालीहूनही थोडा आला. हा वृत्तान्त २००३ साली प्रसिद्ध झाला. यात केळीच्या पानात कोणताही अद्भुत अर्क असल्याचा दावा नाही. पान फक्त जखम ओलसर ठेवते आणि तिला दुखवीत नाही.

काही औषधे अशी की, तीच मूळ इजेहून मोठी इजा करतात. बिबा हे त्यांचे अग्रणी. धोब्यांनी कपड्यांवर कायमची खूण करण्यासाठी ज्याचे तेल वापरले तेच हे फळ. तळपायात काटा मोडून राहिला किंवा टाच भेगाळली की तापविलेल्या बिब्याचे तेल त्यावर टेकवीत. ते तेल काहींच्या अंगावर असे उतते की फोड, खाज आणि सूज यांनी माणूस आठवडाभर हैराण होतो. मग त्यावर खोबऱ्याचा आणि तिळांचा उतारा शोधावा लागतो. ‘बिब्बा घालणे’ याचा मराठीत जो अर्थ झाला आहे तो उगाच नव्हे. रुईचा चीकही काट्यावर लावतात. तो लावलेले बोट चुकून डोळ्याला लागले तर बुबुळाला इजा होते, आणि अशा कित्येक रुग्णांच्या नोंदी नेत्रवैद्यांनी केलेल्या आहेत. टाचेच्या भेगांसाठी कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत जे कोकमाचे तेल, ज्याला गोव्यात भिरंडेल म्हणतात, ते याच्या तुलनेत अगदी सज्जन. बियांपासून काढलेले हे तेल थंडीत दगडासारखे घट्ट असते. त्याचा गोळा दिव्यावर धरून वितळलेला थेंब भेगेत सोडतात. ते भेगेवर झाकण घालते आणि कातडीतला ओलावा उडू देत नाही. त्याचे काम एवढेच, आणि ते चोख.

आता राहिला खिळा. पायात गंजका खिळा किंवा बाभळीचा काटा खोल रुततो, वरून रक्त थेंबभरच येते, आणि घरातली माणसे हळद-तेल गरम करून त्यावर बांधतात. विद्ध हा जो सुश्रुताचा प्रकार तो हाच. दिसण्यात सर्वांत क्षुल्लक आणि वास्तविक सर्वांत घातकी. धनुर्वाताचे बीज मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे निजून असते, साध्या उकळण्यानेही ते हमखास मरत नाही, आणि हवा न पोचणाऱ्या खोल, अरुंद जखमेतच त्याला बळ येते. आघातानंतर येणारा अपतानक बरा होत नाही, असे सुश्रुताने निदानस्थानात लिहून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या शल्यवैद्याने येथे हात टेकले. पुढची दोन हजार वर्षे कोणाचेच काही चालले नाही. नवजात बालकाच्या नाळेवर शेण किंवा राख लावण्याच्या चालीपायी किती पाळणे रिकामे झाले, त्याची गणती होणे शक्य नाही. गर्भवती स्त्रियांना लस, स्वच्छ पाते आणि कोरडी नाळ एवढ्यावर तो प्रकार आवरला, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील माता व नवजातांचा धनुर्वात निवारला गेल्याचे मान्य केले.

रोगाचे बीज मात्र अंगणात आहे तेथेच आहे. मुलांना दीड, अडीच व साडेतीन महिन्यांची असताना, मग दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, पाचव्या-सहाव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी लस मिळते, म्हणून घरातली मुले बहुधा सुरक्षित असतात. प्रश्न वडील मंडळींचा आहे. आपण शेवटची सुई कधी टोचून घेतली, असे साठीच्या गृहस्थास विचारल्यास तो आठवू लागतो, आणि आठवता आठवता विषय बदलतो. स्वच्छ, किरकोळ जखम असेल तर दहा वर्षांच्या आत, आणि मातीने माखलेली किंवा खोल असेल तर पाच वर्षांच्या आत लस झालेली असली पाहिजे. नसल्यास त्याच दिवशी ती टोचून घ्यावी लागते. त्यातही ज्यांना मधुमेह आहे त्यांचे तळपाय बधिर होत जातात. खिळा रुतल्याचे त्यांना कळतही नाही, आणि घरात कोणाच्या ध्यानात येते तेव्हा मोजा ओला झालेला असतो. अशा माणसाचे तळवे रोज रात्री दुसऱ्या कोणीतरी दिव्याच्या उजेडात पाहावे लागतात. आणि त्यावर जखम दिसली तर कुंपणाकडे न जाता, पाय साध्या पाण्याने धुऊन, स्वच्छ फडके बांधून, त्याला दवाखान्यात न्यावे लागते.